डाव्या हाताची कात्री

शनिवारी सकाळी कारखान्याच्या कडीला एक कागदी पिशवी लटकत होती आणि पिशवीत मास्टरांची कात्री होती. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दोन पात्यांच्या मध्ये करड्या सुटाच्या कापडाचा एक तुकडा अडकला होता. दुमडलेला, चुरगळलेला, पण कापलेला नाही. तिनं तो ओढून काढला. कडेला कुणी दातांनी चघळल्यासारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. जिन्यात उभ्या उभ्या तिला राग आला. ही कात्री तिनं स्वतःच्या हातांनी जुळवली होती. पात्यांचा बाक उजेडासमोर धरून पाहिला होता, दोन पाती मिटताना कागद जाईल एवढीच फट आणि टोकाला तीही नाही, बाबा करायचे तशी. दुसऱ्या कुणी परत केली असती तर तिनं खांदे उडवले असते. पण मास्टर म्हणजे शहरातल्या सगळ्यात जुन्या सुटांच्या दुकानातले कटिंग मास्टर, जन्माचे डावखुरे. ते ज्या कात्रीला हात लावतील ती बाकीचे डोळे मिटून घेणार, आणि ते जिला नाही म्हणतील तिचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय उद्या रविवार होता. रविवारी तिनं जमवलेली डावखुरी मंडळी कारखान्यात येणार होती आणि सोमवारी घाऊक व्यापाऱ्याला हो किंवा नाही कळवायचं होतं.

कारखाना म्हणायचं ते बाबांच्या इच्छेखातर. होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत घासायची यंत्रं, दुसरीत जुळणीचं टेबल आणि खिडकी. दादा आधीच येऊन यंत्राचा पट्टा बदलत बसला होता. दादाचा आणि तिचा कारखान्यात निम्मा निम्मा वाटा. तो पाती घासायचा, ती जुळवायची, आणि दोघांमध्ये बोलणं कमी असल्यामुळे काम चांगलं चालायचं. त्यानं पिशवी पाहिली. "मास्टरांचीसुद्धा?" तो म्हणाला. ती म्हणाली, "सुद्धा म्हणजे? दुसऱ्या कुणी परत केलीय का?" "परत नाही केली. पण वापरतंय कोण? तूच सांग. तुझ्या त्या फोनवरच्या गोतावळ्यात एकानं तरी लिहिलं, की कात्री चालवली आणि बरं वाटलं?" एकानंही लिहिलं नव्हतं. दादा हात पुसत उठला आणि त्यानं टेबलाच्या खणातून व्यापाऱ्याचा नमुना काढून तिच्यापुढे ठेवला. लाल मुठीची कात्री. मूठ डाव्या तळव्याला बसेल अशी घडवलेली, वर छान ठसा, आणि पाती मात्र नेहमीची, उजव्या हाताची. "बघ," दादा म्हणाला, "तो म्हणतो, तुमची उलट्या पात्यांची बंद करा, असल्या करून द्या, सगळा माल उचलतो. ही कापते. कोणी परत आणत नाही. उद्या तुझी माणसं काय म्हणतात ते ऐकू, आणि परवा मी त्याला हो सांगणार. माझ्या वाट्याचा तरी हो." तिनं लाल कात्री डाव्या हातात धरून रद्दीचा कागद कापायला घेतला आणि तिच्या हातात ती धड चालेना. मग मनगट थोडं मुरगळल्यावर कागद कापला गेला. दादानं भुवया उडवल्या, म्हणजे बघ. ती म्हणाली, "हे फसवणं आहे." "कुणाला? कापणाऱ्याला तर चालतंय," दादा म्हणाला, आणि पट्टा बसवायला परत गेला.

चालतंय. या शब्दाचा तिला लहानपणापासून तिटकारा होता. शाळेत बाकाच्या उजव्या बाजूला हात टेकायची फळी असायची, आणि ती बाकावर वाकडी बसून लिहायची तेव्हा बाई म्हणायच्या, चालतंय की. बँकेत दोरी बांधलेलं पेन उजवीकडे, डावीकडे ओढलं की दोरी संपते, चालतंय. शिवाय घरी आई. आईचं सगळ्यांशी गोड आणि तिच्या डाव्या हाताशी मात्र वैर. दुसऱ्या कशाला नाही तरी सुरी आणि कात्रीला तिनं डावा हात लावला की आईची चापट ठरलेली. "त्या हातानं नाही. बोट जाईल." बापाचा कारखाना कात्र्यांचा आणि मुलीच्या डाव्या हाताला कात्री वर्ज्य, याचं बाबांनासुद्धा कधी हसू आलं नाही. कात्री ती उजव्या हातानंच शिकली, बाकी सगळं डाव्यानं. बाबा गेल्यावर एका दुपारी तिला एकाएकी वाटलं की आपण एवढ्या कात्र्या बनवतो आणि त्यांतली एकही आपल्या हाताची नाही. मग तिनं साचे उलटे करायला घेतले. उलटं करणं बोलायला सोपं. दादाचा हात घासताना सारखा जुन्या बाजूला जायचा, पाती वाया जायची, तो शिव्या द्यायचा आणि पुन्हा घासायचा. त्याचं श्रेय त्याचं. पहिली कात्री जुळली तेव्हा तिनं ती डाव्या हातात धरली, कापड धरलं, आणि कापड सरसर दुभंगलं. काही शिकावं लागलं नाही. आनंदानं तिनं अख्खं जुनं पडद्याचं कापड कापून टाकलं होतं आणि आईनं विचारल्यावर उंदरांचं नाव घेतलं होतं.

माणसं तिनं हात बघून जमवली. इतर लोक चेहरे बघतात, तोंडदेखलं हसतात. ती रांगेत, दवाखान्यात, लिफ्टमध्ये हात बघायची. कोण डाव्या हातानं सही करतंय, कोण दाराची मूठ चुकीच्या बाजूनं धरतंय. मग सरळ जाऊन विचारायची, "तुम्ही कात्री वापरता का?" काहींना ती विमा विकणारी वाटायची, एका गृहस्थांनी तर पाकीट दाबून धरलं होतं. पण बहुतेक जण चमकायचे आणि मग बोलायला लागायचे, जणू त्यांना आजवर कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातली फुलवाली अशीच भेटली. तिची उजव्या हातातली दोरी आणि डाव्या हातातली कात्री रस्त्यावरूनच दिसली होती. खोक्यांचे नमुने कापणारा पुठ्ठेवाला भेटला. शेवटी मास्टर. त्यांच्या दुकानात ती शिवणाचं काही काम नसताना तीनदा जाऊन आली तेव्हा कुठं ते बोलले. या सगळ्यांचा फोनवर एक गट झाला आणि गट मोठा होत गेला. गटावर कात्रीची चर्चा कमी आणि जगाची जास्त. नळ उलटे, डबे उघडायची साधनं उलटी, मापाच्या पट्टीचे आकडे उलटे. कुणी तक्रार लिहिली की बाकीचे तुटून पडायचे. तिला वाटायचं, हे एवढे रागावलेले लोक आहेत, यांना नुसती एक सरळ कात्री द्या आणि बघा. मग कात्री तयार झाली. सगळ्यांनी घेतली. फोटो टाकले, मूठ फार सुंदर म्हणाले, अभिनंदन म्हणाले. आणि त्यानंतर कात्रीबद्दल गटावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पुन्हा नळ, पुन्हा डबे. ती विचारायची, "कशी चालते?" उत्तर यायचं, "छान. अजून फारशी वापरली नाही." हा भिडस्तपणा तिला कळत होता आणि कळूनही तिनं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

दुपार व्हायच्या आत ती कात्री घेऊन मास्टरांच्या दुकानात गेली. मागच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पसरलेलं निळं कापड, खडूच्या रेघा. मास्टर चष्मा कपाळावर चढवून उभे होते. तिला पाहून त्यांनी मान हलवली, म्हणजे बस. ती बसली नाही. "मास्टर, काय बिघडलं ते तोंडानं सांगा. पिशवी काय लटकवता?" ते म्हणाले, "तुझ्या तोंडावर सांगवेना म्हणून लटकवली. कापत नाही ती. कापड मध्येच दुमडतं. चांगलं कापड गेलं माझं." "माझ्या हातात कापते." "मग तुझ्या हातात असू दे." त्यांनी त्यांची जुनी कात्री उचलली, भली मोठी, मुठीचा रंग उडालेली, उजव्या हाताची, आणि डाव्या हातानं निळं कापड कापायला सुरुवात केली. ती बघत राहिली. कापणं इतकं सुरेख होतं की तिचा राग क्षणभर बाजूला झाला. मग तिचं लक्ष अंगठ्यावर गेलं. मास्टरांचा अंगठा मुठीत सरळ नव्हता. तो आत वळलेला होता, तळव्याच्या दिशेनं मूठ ओढत होता, आणि प्रत्येक कापाला मनगट किंचित मुरगळत होतं. एवढंसं. बघणाऱ्याला कळू नये इतकं. अन् डोकं एका बाजूला कललेलं, कारण वरचं पातं खडूची रेघ झाकत होतं. पात्याच्या पलीकडे डोकावून, पुढची रेघ कुठं असेल ते ताडून ते कापत होते.

उजव्या हाताच्या कात्रीत अंगठा मूठ बाहेर ढकलतो, बोटं दुसरी मूठ आत ओढतात आणि त्या जोरानं दोन्ही पाती एकमेकांना घासत राहतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती एकमेकांपासून लांब करतो, आणि मधे कापड दुमडतं. मग डावखुरं मूल, कुणीही न शिकवता, अंगठा उलटा वळवायला शिकतं. एकदा शिकलं की विसरून जातं. पुढं त्याच्या हातात खरी डावी कात्री दिली तर तो शिकलेला अंगठा तिचीही पाती फाकवणार. हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि इतक्या दिवसांत कळलं नाही म्हणून स्वतःचीच चीड आली. तिच्या हातात पहिल्या दिवसापासून कापलं होतं म्हणून तिनं दुसऱ्यांच्या हातांकडे पाहिलंच नव्हतं. तिनं, जी सगळ्यांचे हात बघत हिंडली. "मास्टर," ती म्हणाली, "अंगठा सोडा." "काय?" "माझी कात्री घ्या आणि अंगठा सैल सोडा. ओढू नका." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पोरी, तुझ्या वडिलांनी माझ्या कात्रीला किती वेळा धार लावली असेल. मला अंगठा कुठं ठेवायचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही." "ते डावखुरे नव्हते." हे जरा जास्तच झालं, पण मास्टर हसले. तिनं चिंधी पुढं केली. त्यांनी तिची कात्री घेतली, अंगठा सोडला, आणि ती घसरली. पुन्हा धरली, अंगठा आपोआप आत वळला, चिंधी दुमडली. तिसऱ्यांदा वेडावाकडा काप गेला, नवशिक्याचा. मास्टरांचं तोंड उतरलं. "म्हणजे मी आयुष्यभर चुकीचं कापत आलो, असं तुझं म्हणणं आहे?" "नाही. कात्री चुकीची होती. तुम्ही तिच्याकडून बरोबर काम करून घेतलंत." "आणि आता बरोबर कात्रीनं वेडंवाकडं कापू? या वयात? बाहेर गिऱ्हाईक उभं आहे." त्यांनी कात्री तिच्याकडे सरकवली आणि पाठ फिरवली. दारातून बाहेर पडताना तिनं मागं पाहिलं. ते निळं कापड कापायला लागले होते, पण दोनदा थांबले आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी घरी आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. ती समोर बसली आणि म्हणाली, "आई, मला डाव्या हातात कात्री तू कधीच धरू दिली नाहीस ना? एकदासुद्धा?" आई सावध झाली. या विषयावर मायलेकींचे बरेच खटके उडालेले होते. "कशी देणार? डोळ्यांसमोर बोट कापून घेतलं असतंस. आता म्हातारपणी मला बोलणार आहेस का? तुझा हात मी काही मोडला नाही. बाजूला ठेवला नुसता." ती हसायला लागली. आईला ते हसणं आवडलं नाही आणि तिनं शेंगांची परडी जवळ ओढली. पण खरंच तसं झालं होतं. बाकीच्यांना कुणी अडवलं नाही, त्यांच्या हातांनी चुकीच्या कात्रीशी जुळवून घेतलं आणि त्यात ते पटाईत झाले. तिच्या हाताला मनाई होती म्हणून तो तसाच राहिला, अडाणी, कुणाचंच न ऐकलेला. या वैरातून काही चांगलं निघेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि आईचे उपकार मानायची तिची मुळीच तयारी नव्हती. तिला संताप आला होता, पण आता तो मास्टरांवर नव्हता, आईवर नव्हता, गप्प बसणाऱ्या मंडळींवरही नव्हता. फुलवालीनं घरी कात्री काढली असेल, फूल चेंगरलं असेल, आणि तिनं मनाशी म्हटलं असेल, माझाच हात वाईट. पुठ्ठेवाल्यानं तेच. जन्मभर तेच म्हणत आलेली माणसं, ती दुसरं काय म्हणणार? आणि व्यापाऱ्याची लाल मूठ त्यांना सांगणार होती, अगदी बरोबर, तुमचा अंगठा असाच मुरगळून ठेवा, वर शोभेची मूठ घ्या.

तिनं गटावर लिहिलं. "ज्यांना कात्री कापत नाही असं वाटलं आणि भिडेपोटी जे बोलले नाहीत त्यांच्यासाठी. कात्री कापत नाही हे खरं आहे. तुमचा हात वाईट नाही. तुम्ही सगळ्यांनी लहानपणी अंगठा उलटा वळवला आणि आता तो सरळ व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत वाईट कापलं जाईल. उद्या कारखान्यात आपण सगळे मिळून वाईट कापू. रद्दी भरपूर आहे. ही कात्री चालू ठेवायची की बंद करायची तेही उद्याच ठरेल. ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनीही या." पाठवलं, आणि दादाचा फोन आला. तो गटात होता. उजवा असूनही तिनं त्याला घातलं होतं, साक्षीला. "तू शुद्धीवर आहेस का? आपल्याच मालाला कापत नाही म्हणतेस? चारचौघांत?" "खरं आहे ते." "खरं असेल. पण कात्री विकणारा असं बोलतो का? उद्या एक माणूस आलं तर शप्पथ." "नाही आलं तर मी एकटी कापेन," ती म्हणाली, आणि दादानं फोन ठेवला. थोड्या वेळानं गटावर फुलवालीचं उत्तर आलं. "ताई, माझी कपाटात आहे. मला वाटलं मलाच जमत नाही." मग दुसऱ्या कुणाचं. मग पुठ्ठेवाल्याचं, जरा रागावून, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" मास्टरांनी संदेश वाचला होता. उत्तर दिलं नव्हतं.

रविवारी सकाळी माणसं आली. सगळी नाही. बरीच नाही. जी आली ती जुळणीच्या टेबलाभोवती दाटीवाटीनं बसली, आणि सुरुवातीला कुणी पिशवीतून कात्री काढेना, परीक्षेला बसल्यासारखी सगळी एकमेकांकडे बघत राहिली. फुलवालीनं आधी काढली. पहिल्याच कापाला कागद दुमडला आणि ती म्हणाली, "बघा, मी सांगत होते ना, माझा हातच असा," तेवढ्यात शेजारच्याचाही कागद दुमडला, आणि पलीकडचा. खोलीभर कागद चघळल्याचा आवाज सुरू झाला. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले; मोठी माणसं, आपापल्या धंद्यात मुरलेली, आणि एक सरळ काप जाईना. ती प्रत्येकाच्या मागं उभी राहून अंगठा बघत होती. "सोडा. ओढू नका. अंगठ्याला काही करू देऊ नका." पुठ्ठेवाला म्हणाला, "घरात बायकोही हेच सांगते, काही करू नका." त्याच्या हातून मग एकाएकी चार बोटं लांब काप सरळ गेला, आणि तो इतका दचकला की थांबून बसला, पुढचा पुन्हा बिघडला. दादा यंत्रांच्या खोलीच्या दारात टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर व्यापाऱ्याला द्यायचं उत्तर आधीच ठरलेलं दिसत होतं, पण तो हलत नव्हता.

मास्टर उशिरा आले. बाहेर चपला काढाव्यात का नाही याचा विचार करत उंबऱ्यात थांबले, मग तसेच आत आले. बगलेत निळ्या कापडाची गुंडाळी होती. "कात्री दे," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "आणि रद्दी नको. रद्दीवर मला काही कळत नाही." त्यांनी टेबलाची एक बाजू माणसांना उठवून मोकळी करून घेतली, कापड पसरलं, खडूनं एक लांब रेघ ओढली. पहिला काप दुमडला. त्यांनी कापड सरळ केलं. दुसरा दुमडला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले, अंगठा पूर्ण सैल सोडला, मुठीत नुसता ठेवल्यासारखा, आणि पाती मिटली. कापड कापलं गेलं. त्यांनी डोळे उघडले. सवयीनं डोकं डावीकडे कललं आणि तिथं डोकावायला काही नव्हतं, कारण पातं आता पलीकडच्या बाजूला होतं. ते हळूहळू सरळ झाले. खडूची रेघ त्यांच्यासमोर होती, उघडी, पात्याच्या टोकापर्यंत. त्यांनी तिच्यावरून वीतभर कापलं आणि थांबले. "रेघ दिसते," ते म्हणाले. "मी समजत होतो कटिंगमध्ये रेघ दिसतच नसते. पोरांना शिकवलंसुद्धा मी तसंच, रेघ मनात धरायची." त्यांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत एकानं सांगू नये? एवढी दुकानं, एवढे कात्रीवाले." त्यांनी दादाकडे बघितलं, जणू दादानंच लपवून ठेवलं होतं. "आणि ही कात्री बंद करणार आहात म्हणे तुम्ही."

दादा दारातून पुढं आला. तिला वाटलं, आता तो व्यापाऱ्याचं बोलणार. पण त्यानं फुलवालीच्या पुढ्यातली कात्री उचलली, उजव्या हातात घातली आणि कागद कापायला घेतला. कात्री बनवणाऱ्याचा मुलगा, कात्री बनवणारा. त्याचं मनगट नेहमीसारखं फिरलं आणि कागद दुमडला. पुन्हा घेतला, पुन्हा दुमडला. मूठ अंगठ्याच्या मुळाशी रुतत होती, पातं त्याला रेघ बघू देत नव्हतं, आणि न कळत त्याचं डोकं एका बाजूला कललं. सगळी मंडळी बघत होती. "अंगठा आत ओढा, दादा," फुलवाली म्हणाली, फार मायेनं. "मुरगळा थोडा. जमेल. आम्हाला जमलं होतं." दादानं ओठ दातांत धरून अंगठा मुरगळला आणि एक वेडावाकडा तुकडा कापला. तो तुकडा त्यानं उजेडात धरून पाहिला. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यानं तो डाव्या हातानं काढला, पडद्यावर व्यापाऱ्याचं नाव होतं. सोमवारपर्यंत त्यालाही दम निघत नव्हता. "घे की," ती म्हणाली. "तूच घे," दादा म्हणाला. त्याची बोटं अजून कात्रीत अडकलेली होती आणि तो दुसरा कागद पुढं ओढत होता. "काय सांगू?" "जे सांगणार होतीस ते." तिनं फोन घेतला. व्यापारी हसऱ्या आवाजात विचारत होता, मग लाल मूठ ठरली ना ताई. ती म्हणाली, "नाही. पाती बदलणार नाही." तो म्हणाला, "अहो, पण तुमची कात्री लोकांना चालवता तरी येते का?" "अजून नाही," ती म्हणाली, "शिकतायत," आणि फोन दादाच्या खिशात परत टाकला. मग ती मास्टरांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, कारण रेघ संपत आली होती आणि त्यांचा अंगठा पुन्हा आत वळायला लागला होता.